जाळीतली सरकी

इंजिनात कापूस गेला तो माझ्या हातून. एवढं एक वाक्य तोंडाने बोलायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत एका म्हाताऱ्या माणसाचं जे झालं त्याला मी कारण आहे. म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

माझा एक ट्रक आहे. जुना, सहा सिलिंडरचा. मालक मीच आणि ड्रायव्हरही मीच. हंगामात महागावकडचा कापूस यवतमाळच्या जिनिंग मिलवर न्यायचा, मग सोयाबीन, उन्हाळ्यात मिळेल ते. राहायला दारव्ह्याला. घरापुढे ट्रक उभा राहील एवढं अंगण आहे, ही बायकोची कायमची तक्रार. तुळस एका कोपऱ्यात आणि डिझेलचा वास सगळीकडे.

या गाडीचं इंजिन आजवर एकाच माणसाने उघडलं होतं. बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर त्यांची टिनाची शेड आहे. गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, मी चाचा म्हणतो. मी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होतो तेव्हापासून ते मला ओळखतात आणि अजूनही ‘अबे’ म्हणूनच हाक मारतात. वय साठीच्या पुढे, चष्म्याच्या काड्यांना मागून दोरी बांधलेली.

त्यांची एक पद्धत होती. शेडमध्ये एक तार ताणलेली, आणि तिच्यावर लाल रंगाच्या पाच चिंध्या. इंजिन उघडताना पाचही काढायच्या आणि बंद करायच्या आधी पाचही तारेवर परत टांगायच्या, मोठ्याने मोजत. “एक, दोन, तीन, चार, पाच. हौ, आता लाव.” पाचवी दिसली नाही तर झाकण लागायचं नाही. एकदा माझ्याच गाडीच्या वेळी त्यांनी तासभर चिंधी शोधली. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. शेवटी ती त्यांच्याच कमरेला खोचलेली निघाली. मी पोट धरून हसलो.

“चाचा, चिंधी हाय ते. सोनं नाही.”

“सोनं आत राह्यलं तं सोनं जाईल,” ते म्हणाले. “चिंधी राह्यली तं इंजिन जाईल. हस तू.”

गेल्या वर्षी त्यांनीच इंजिन पूर्ण खोलून आतल्या बेअरिंगा नव्या टाकल्या. त्यानंतर गाडी अशी चालली की चढावर मी गाणी म्हणायचो. फक्त इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून, टॅपेट कव्हर म्हणतात त्याखालून, थोडं तेल पाझरायला लागलं. किरकोळ काम. झाकण काढायचं, पॅकिंग बदलायचं, आणि उघडलंच आहे तर इंजिन ऑइलही बदलून घ्यायचं. चाचांकडे नेली असती तर त्यांनी गाडी दोन दिवस ठेवली असती, प्रत्येक नट पुसून लावला असता. मला घाई होती. कापूस सुरू झाला होता. आणि खरं सांगायचं तर मोबाइलवर एक-दोन व्हिडिओ पाहून मला वाटायला लागलं होतं, यात आहे काय एवढं.

अंगणातच बसलो. झाकण काढलं. वारा सुटला होता आणि समोरच्या रस्त्याची धूळ उडत होती. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं की उघड्या इंजिनात तेल खाली उतरायची जी भोकं असतात त्यांत कपडा कोंबून ठेवा, कचरा आत जाणार नाही. कपडा घरातून आणायला मी उठलो नाही. आमच्याकडे त्याची गरजच पडत नाही. कापूस वाहणाऱ्या गाडीच्या फळ्यांना, दोराला, ताडपत्रीच्या घड्यांमध्ये कापूस अडकलेला असतोच. हात पुसायला तोच, बॅटरी पुसायला तोच, डिझेलची टाकी ठिबकली तर तोच. हात लांब करून मी बाजूच्या फळीवरचा कापूस ओढला, बोळे केले आणि भोकांत कोंबले. किती कोंबले ते मोजलं नाही.

मध्येच जिनिंगवरून फोन आला की उद्या सकाळी गाडी पाहिजे. मी फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारल्या. परत आलो, बोळे उपसले, खाली टाकले. सगळे निघाले असं वाटलं. पॅकिंग बसवलं, झाकण लावलं, नवीन तेल ओतलं. गाडी सुरू केली तर आवाज घड्याळासारखा. मी स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला बाहेर बोलावून ऐकवला.

तिसऱ्या दिवशी, भरलेली गाडी घेऊन यवतमाळच्या अलीकडच्या चढावर असताना माझी नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर गेली. काटा खाली येत होता. हळूहळू, कोणी बोटाने दाबत असल्यासारखा. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, तेल मोजलं. तेल बरोबर. अर्धा तास बसलो. पुन्हा सुरू केली तर काटा टणकन वर. पाच-सात किलोमीटर गेलो, पुन्हा खाली.

पुढचा आठवडा कसा काढला ते मलाच माहीत. रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त पाहायचो. आर्णीच्या पुढे एक बैलगाडी आडवी आली ती मला शेवटच्या क्षणी दिसली, आणि गाडीवाल्याने माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली. इंजिनातला प्रत्येक आवाज नवीन वाटायचा. हा आधी होता का? खिडकी बंद करून ऐकायचो, मग उघडून. घरी जेवायला बसलो तरी उजवा पाय ॲक्सिलेटरवर असल्यासारखा हलत राहायचा. बायको म्हणाली, “ताट नाचून राह्यलं. पाय आवरा.”

काटा पडणं म्हणजे इंजिनाला तेल पुरत नाही, आणि त्याचं पहिलं कारण कोणीही सांगतं: बेअरिंग. बेअरिंगा टाकल्या होत्या चाचांनी. माझ्या डोक्यात ते एवढं सरळ बसलं की दुसरा विचार आलाच नाही. की आला होता आणि मी तो येऊ दिला नाही? याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

ट्रक स्टँडवर एक चहाची टपरी आहे. दुपारी चारला सगळे ड्रायव्हर तिथे जमतात, आणि चाचाही रोज तिथे यायचे. त्या दिवशी ते अजून आले नव्हते. मक्याची वाहतूक करणारा एक जाडा ड्रायव्हर आहे, जिभेला हाड नसलेला. त्याने विचारलं, “काहून बे, तोंड काहून पाडलं? गाडीनं सोडलं का बायकोनं?”

“काटा पडून राह्यला.”

“मिस्त्रीनं तं मागच्याच साली इंजिन केलतं तुह्यं.”

“केलतं,” मी म्हणालो. “बेअरिंग बराबर नाही बसवली. डोळे गेले त्याचे. दिसत नाही आता.”

हे मी बोललो. शब्दाला शब्द असंच. पंधरा-वीस माणसं होती. कोणीतरी म्हणालं, हौ, वय झालं बाप्पा. जाडा म्हणाला, माह्यी गाडी पुढच्या महिन्यात त्याच्याकडंच लावणार होतो, बरं झालं सांगितलं. चहा संपला, लोक उठले. एवढ्याशा बोलण्याला पाय फुटायला गावात वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा स्वतः माझ्या अंगणात आले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी लांब पेचकस आणला होता. त्याचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि मला म्हणाले, “सुरू कर.” बराच वेळ ऐकलं. मग इंजिनावर वाकले आणि टॅपेट कव्हरच्या कडेवर बोट फिरवलं.

“हे पॅकिंग नवं हाय. कोणी खोललं?”

“मीच. नुसतं पॅकिंग बदललं.”

“चिंध्या मोजल्या होत्या?”

मला चीड आली. स्वतःची चूक माझ्या गळ्यात घालायला आला म्हातारा, असं वाटलं. “चिंधी वापरलीच नाही मी, चाचा,” मी म्हणालो. ते खरं होतं. कापसाला कोणी चिंधी म्हणतं का? त्या क्षणी कापूस मला आठवलासुद्धा नाही. हाताला तो इतका रोजचा होता.

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. “आवाज तं साफ हाय,” ते म्हणाले. “पण माह्यं चुकलं असंल. गाडी लाव शेडमध्ये. पुन्हा खोलतो. जे लागंल ते माह्या अंगावर.”

“राहू द्या,” मी म्हणालो. “तुमच्यानं होत नाही आता.”

ते गेले. पेचकस विसरून गेले. चाचा, आणि हत्यार विसरले!

रविवारी मी इंजिनाचं चेंबर, म्हणजे तळाला तेल साठतं ते पात्र, स्वतःच उतरवायला घेतलं. गाडीखाली पोतं अंथरून पडलो. नट सोडून सोडून मनगटं भरून आली. बायको बॅटरीचा उजेड धरून वाकली होती. चेंबर लाकडाच्या ठोकळ्यावर उतरवलं तेव्हा तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी समोर आली. ती काळ्या लगद्याने माखली होती. मला वाटलं गाळ असेल. बोटाने खरवडलं तर तो लांब लांब निघत होता.

“इकडं द्या,” बायको म्हणाली. ती शेतकऱ्याची मुलगी आहे. लहानपणापासून तिने कापूस वेचला आहे. तिने लगदा दोन बोटांत धरून पिंजला, मग आणखी पिंजला, आणि तळहातावर काहीतरी ठेवून माझ्यापुढे केलं. तेलाने काळी झालेली सरकी होती. कापसाचं बी.

“मिस्त्रीच्या शेडमध्ये कापूस असते का?” तिने विचारलं.

मी गाडीखाली पडलेलाच होतो. इंजिनातून एकेक थेंब माझ्या छातीवर पडत होता आणि मला सरकता येत नव्हतं. आता सगळं कळत होतं. गाडी चालली की पंप तेल ओढायचा, बोळा जाळीवर चिकटायचा, काटा पडायचा. गाडी थांबली की बोळा सुटून तळाला बसायचा. काटा वर यायचा. बेअरिंगा ठणठणीत होत्या. मी त्या एकेक हात लावून पाहिल्या.

दुरुस्ती संध्याकाळच्या आत झाली. जाळी डिझेलने धुतली, चेंबर तीनदा धुतलं, नवीन पॅकिंग, नवीन तेल. चेंबर चढवताना बायकोने तिच्या जुन्या लुगड्याच्या चार चिंध्या काढल्या होत्या त्या मी मोठ्याने मोजल्या. गाडी सुरू केली. काटा वर गेला आणि तिथेच राहिला. सोमवारी भरलेली गाडी चढावर नेली तरी हलला नाही.

मला मात्र चैन पडेना. काट्याकडे पाहायची गरज उरली नव्हती तरी नजर तिकडेच जायची, आणि तो वर दिसला की मी ती झटकन वळवायचो. त्याच्या वर असण्यात माझं खोटं होतं. घरी बायकोने तो लगदा आणि सरकी फेकू दिली नव्हती. डब्याच्या झाकणात घालून खिडकीत ठेवली होती. दाढी करताना दिसायची, पाणी पिताना दिसायची. ती फक्त एवढंच विचारायची, “कधी जाता?” मी म्हणायचो, उद्या.

चारच्या चहाला चाचा येईनासे झाले होते. एक दिवस मी त्यांचा पेचकस परत द्यायचं निमित्त काढून शेडकडे गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो, खरंच. शेडच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं: ‘इंजिनचे काम बंद. ग्रीस व ब्रेकचे काम होईल.’ आत चाचा स्टुलावर बसून पाने पुसून पुसून पेटीत भरत होते. तारेवर एकही चिंधी नव्हती.

“ये,” ते म्हणाले. “काटा कसा हाय?”

“ठीक हाय आता.”

“कोणाकडं खोललं? यवतमाळले?”

मी पेचकस त्यांच्या पेटीत ठेवला.

“बेअरिंगच निघाली ना?”

मी मान हलवली. होकाराची. का हलवली? तोंड उघडावं लागू नये म्हणून. एवढंच कारण आहे, दुसरं शोधूनही सापडत नाही. कापूस अपघाताने पडला होता. ही मान अपघाताने हलली नव्हती.

चाचांनी सुस्कारा सोडला. मला त्यात सुटका झाल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि तेच मला सहन झालं नाही. “बरं झालं सांगितलं,” ते म्हणाले. “मी इचार करून करून पागल होऊन राह्यलो होतो का, कोणती बसवताना चुकलं? हात तं म्हणे नाही चुकलो. आता समजलं. हातालेबी समजत नाही आता.” मग पेटीतला सगळ्यात चांगला पाना काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. “हा ने तू. स्वतः काम करतं ना आता. कामात येईल.”

मी तो घेतला. घेतला आणि घरी आलो.

पाना पाहून बायकोने विचारलं, कोणाचा? मी सगळं सांगितलं, मान हलवल्याचंही. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. “इंजिन तं धुतलं तुम्ही,” ती म्हणाली. “आणि त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात बोळा कोंबून आले.”

“उद्या जातो शेडमध्ये. सांगतो.”

“शेडमध्ये कायले? बोलले कुठं होते?”

दुसरा दिवस आठवडी बाजाराचा होता. टपरीवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी असणार हे मला माहीत होतं, आणि त्याच कारणाने मी सकाळपासून तीनदा ठरवलं की उद्या जाऊ. साडेतीनला झाकणातला लगदा आणि तो पाना पिशवीत घातला आणि शेडवर गेलो. “चाचा, चहाले चला.”

“मी पेलो घरी.”

“एक गोष्ट दाखवाची हाय. तिथंच दाखवतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. काही न विचारता उठले. टपरीवर पोचलो तसा जाडा ओरडला, “या मिस्त्री! ग्रीसवाल्याले कटिंग दे रे एक!” दोघं-चौघं हसले. चाचा बाकाच्या अगदी टोकाला बसले, उठायला सोपं पडावं असे.

मी पिशवी उघडून लगदा त्यांच्या हातात दिला. चष्मा त्यांच्या छातीवर लोंबत होता. त्यांनी तो लावला नाही. लगदा बोटांत चोळला, एकदा, दोनदा. बोटं थांबली.

“कापूस,” ते म्हणाले. मग अंगठ्याने काहीतरी वेगळं काढलं. “सरकी हाय हे. कुठं भेटली?”

“माह्या गाडीच्या जाळीत.”

दोघं-तिघं ग्लास हातात घेऊन जवळ सरकले. चाचांनी सरकी मुठीत धरली. त्यांना कळलं होतं, पण ते त्यांनी माझ्याच तोंडून येऊ दिलं. त्यांनी फक्त विचारलं, “किती बोळे कोंबले होते?”

“मोजले नाही, चाचा.”

“अरे बाप्पा,” जाडा म्हणाला, आणि पुढे काही टोमणा मारणार होता, पण मी उभा राहिलो होतो. बसून ते बोलता आलं नसतं. मी सगळ्यांकडे पाहून सुरुवात केली आणि मध्येच चाचांकडे वळलो, कारण बाकीच्यांकडे पाहत बोलणं सोपं जात होतं.

“ह्याच बाकावर बसून मी म्हटलं होतं का मिस्त्रीचे डोळे गेले. ते खोटं हाय. टॅपेट कव्हर मी खोललं, कापूस मी कोंबला, आत मी सोडला. चाचा, तुम्ही इचारलं होतं चिंध्या मोजल्या का, तं मी तुमच्यावर चिडलो. मंग कापूस सापडला तरी गप बसलो. तुम्ही इचारलं बेअरिंगच निघाली का, मी मान हलवली. तेबी खोटं होतं. बेअरिंग मी हात लावून पाह्यल्या, एकबी हालत नाही. तुमचा हात चुकला नाही. तुम्ही त्याच्यावर भरोसा सोडला, तो माह्या एका मानेपायी. हा तुमचा पाना, हा माह्याजवळ शोभत नाही. मले माफ करा, चाचा.”